नऊ किलोंचे नव्वद

इंगोलश्टाट, रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. कुमार,

आशीर्वाद. हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडला असता, पण शाईचं पेन आहे आणि कागद चांगला आहे.

तुझं व्याख्यान पाहिलं. मंडळाच्या गणेशोत्सवातलं. मंडळाची सेक्रेटरी स्वरूपा एके काळी माझ्याकडे संस्कृत शिकायला यायची. तिने रेकॉर्डिंग पाठवलं, वर लिहिलं, "ताई, कुमारदादा काय सुंदर बोलले," आणि जोडीला नमस्काराचे तीन हात. बिचारीला काय ठाऊक, की तुझ्या पाचव्या स्लाइडवरची 'एक आत्या' तिच्याच मोबाइलमध्ये 'विभावरीताई' या नावाने आहे.

बोलतोस छान. शर्टाला इस्त्रीही होती. विषय 'गाडीतलं बाळ'. गाड्या भिंतीवर आपटून बघण्यात ज्याची वीस वर्षं गेली त्याच्यापेक्षा हे कोण जास्त सांगणार. पाचवी स्लाइड येईपर्यंत मला अभिमानच वाटत होता. मग तू पाण्याचा घोट घेतलास आणि म्हणालास की आपल्याकडे बाळ रडलं की उचलायचंच, बांधून ठेवलं तर पाप. माझ्या माहितीतल्या एका घरात आत्याने चौदा महिन्यांच्या मुलीला सीटमधून काढून मांडीवर घेतलं. बाई शिकलेली, पण शिक्षण संस्कृतचं. मुलीचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. सभागृहातून कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. ते 'अरेरे' मी तीनदा ऐकलं. पहिल्या दोन वेळा तुझ्या लेकीसाठी, कुहूसाठी होतं असं वाटलं. तिसऱ्यांदा कळलं, माझ्यासाठी होतं.

तीन वर्षं होतील आता. २९ ऑक्टोबर २०२२, शनिवार, दिवाळीच्या कार्यक्रमाहून तुझ्या घरी परत येताना, नेकारसुल्मच्या अलीकडे. त्या दिवसानंतर मी कुहूला पाहिलेलं नाही. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तिची आई, तुझी ईप्सिता, मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही आता जा." मी गेले. तेव्हापासून तुझ्याकडून वर्षाला एक दिवाळीचं चित्र येतं, पणतीचं, बहुतेक सगळ्यांना पाठवतोस तेच. चौदा महिन्यांची होती, आता चार वर्षांची झाली. माझ्याशी कोणत्या भाषेत बोलेल, हेसुद्धा मला माहीत नाही.

मी गप्प राहिले त्याचं कारण तुला माहीत आहे. तसा करार आपल्यात कधी झाला नव्हता, तरी मी तो पाळला. पण जी गप्प आहे तिलाच पडद्यावर चढवून मंडळाला धडा द्यायचा, हे मला चालणार नाही.

तेव्हा मागणं एकच. त्या दिवशी गाडीत काय झालं ते ईप्सिताला सांग. अर्धं नको, सगळं. मग तिने मला मुलीला भेटू दिलं तर दिलं, नाही तर नाही. पण जे झालं त्यावरून ठरू दे, तुझ्या स्लाइडवरून नको.

अक्षर वाकडं आलंय ते रागाने नाही, अंगठ्याने. उजव्या अंगठ्याचा सांधा आता पेनालाही कुरकुरतो. लोणच्याची बरणी उघडायला अजूनही नवराच लागतो, डीटर. राग अक्षरात दिसू द्यायला मी काही विद्यार्थी नाही.

तुझी ताई
(स्लाइड क्रमांक पाच)


इंगोलश्टाट, रविवार, २८ सप्टेंबर २०२५

चि. कुमार,

उत्तर मिळालं. ई-मेलने, एक ओळ. "ताई, आधी नववीचं फिजिक्स वाच, मग बोलू." पुढे हसरा चेहरा.

वाचलं.

आपल्याकडचं नववीचं विज्ञानाचं मराठी पुस्तक उतरवून घेतलं आणि दोन आठवडे म्युनिकला शिकवायला जाता-येता गाडीत बसून गणितं सोडवली. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. भौतिकशास्त्राला हे शब्द ज्यांनी दिले ते माझ्याच गल्लीतले, त्यामुळे पहिल्या पानावर माहेरी आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या पानावर सासर सुरू झालं. अडलं तिथे तुझ्या डीटरभावोजींना विचारलं. माणसाने एकतीस वर्षं मालगाड्या चालवल्या आहेत. तो म्हणतो, मालगाडी थांबवायची तर किलोमीटरभर आधी मनात थांबायला सुरुवात करावी लागते. हे तुमच्या पुस्तकात इतकं नीट दिलेलं नाही.

आमच्या शास्त्रात वाद घालताना आधी समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा असतो, आणि तोही असा, की त्याने म्हणावं, मला स्वतःला इतकं नीट जमलं नसतं. तर हा तुझा पूर्वपक्ष. गाडी ताशी छत्तीस किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. आतली कुहूही त्याच वेगाने चालली आहे, मग ती माझ्या मांडीवर बसून चष्म्याच्या दोरीशी का खेळत असेना. वजन नऊ किलो. तिचा संवेग नव्वद. पुढे एक गाडी थांबलेली, आपली तिच्यावर आदळते आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उभी राहते. कुहूला तिच्याबरोबर थांबवायचं, तर ते नव्वद तेवढ्याच वेळात तिच्याकडून काढून घ्यायला हवेत. भागाकार केला की येतात नऊशे न्यूटन. साध्या भाषेत, नव्वद किलो उचलून धरायला लागेल तेवढा जोर. नऊ किलोंची पोर, नव्वद किलोंचा ओढा. काढून घ्यायचे ते नव्वद कोणालाच चुकत नाहीत. वेळ जास्त मिळाला तर जोर कमी लागतो, एवढीच सवलत. म्हणून सीटला मऊ अस्तर, म्हणून पट्टा थोडा ताणला जातो, म्हणून गाडीचं नाक मुद्दाम चुरगळणारं करतात. आत्येचे हात यात कुठेच बसत नाहीत.

बरोबर? दहापैकी किती देशील?

पण पुस्तक वाचून पटलं तर मी तुझी बहीण कसली. मागच्या रविवारी सुपरमार्केट बंद, पार्किंग रिकामं. डीटरला म्हटलं, चल. मागच्या सीटवर मी, मांडीवर दहा किलोंची बासमतीची पिशवी. त्याची एकच अट होती, मला पट्टा हवा. तांदळाला नको, असं माझं म्हणणं होतं. पिशवी मुलासारखी जवळ घेतली, दोन्ही हातांनी आवळून. त्याने वेग ताशी तीसपर्यंत नेला आणि न सांगता ब्रेक दाबला. मी दात आवळून धरलं होतं, कुमार. पिशवी हातांतून निघाली, पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली आणि फुटली. डीटरने मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आल्झो, म्हणजे बघ, हा नुसता ब्रेक होता."

घरी येऊन गणित केलं. थांबायला साधारण एक सेकंद लागला असेल. जोर आला साडेआठ किलोंचा. तुझ्या नव्वदांचा दहावा हिस्सासुद्धा नाही. आणि मला धरता आलं नाही. तीन वर्षं मी मनात म्हणत होते की थोडं आणखी घट्ट धरलं असतं तर. तेही गेलं. संध्याकाळ गाडीतला तांदूळ वेचण्यात काढली.

तुझा पूर्वपक्ष इथे संपला. आता माझी बाजू.

मला यातलं काही त्या दिवशी माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू रोज रबरी बाळं सीटमध्ये बांधतोस, एखादं मुद्दाम सुटं ठेवतोस आणि त्याचं काय होतं ते पडद्यावर सावकाश पुन्हा पुन्हा बघतोस. त्या शनिवारी ईप्सिताची ड्यूटी होती, कुहू रडून निळी पडत होती, आणि मी तिच्या सीटच्या खटक्याशी झटत होते. हो, झटत होते. तिला काढायला मीही निघाले होते, ते नाकारत नाही. पण या अंगठ्याने तो दबेना. लाल दिव्याला गाडी थांबली. तू वळलास, एका हाताने तो लाल खटका दाबलास आणि म्हणालास, "घे ताई तिला मांडीवर. पाच मिनिटांचा तर रस्ता आहे."

मला वाटलं, याचा तर धंदाच हा आहे. हा म्हणतो तर काही होणार नाही.

मग पोलीस आले. तुला महिनाभरापूर्वी बढती मिळालेली, मुलांच्या सुरक्षेच्या चाचण्यांचा प्रमुख. चेहरा कागदासारखा झालेला. मी पुढे झाले आणि स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं की पट्टा मी सोडला, त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. त्यांनी लिहून घेतलं. तू मान खाली घातलीस. हॉस्पिटलात ईप्सितालाही मी तेच सांगितलं आणि तू तेव्हाही बुटांकडेच बघत होतास.

मी धाकट्या भावासाठी एक वाक्य बोलले. तू त्याचं व्याख्यान केलंस.

ताई


इंगोलश्टाट, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

कुमार,

या वेळी आशीर्वाद नाहीत. हवे असतील तर जुन्या पत्रातले वापर.

तुझा आवाजी निरोप ऐकला, साडेचार मिनिटांचा. लिहायला तुला वेळ नाही, असं ऑफिसच्या पार्किंगमधून साडेचार मिनिटं सांगितलंस. सारांश असा: जुनी गोष्ट झाली. कुहू आता पळते, उड्या मारते, भुवईवरची खूण केसांखाली जाते. ईप्सिताला आता सांगितलं तर घर मोडेल. ऑफिसात कळलं तर नोकरीचं काय. आणि शेवटी, "ताई, तू नेहमी समजून घेतेस. अजून थोडा वेळ दे."

वेळ मागतोस, आणि तोही माझ्याकडे. तीन वर्षं दिली ती काय होती?

नेहमी समजून घेते, हे मात्र खरं बोललास. तू आठ वर्षांचा असताना जोशीकाकांच्या खिडकीची काच फोडलीस, तेव्हा चेंडू मी टाकला होता असं मी सांगितलं. सतरा वर्षांची मुलगी, कॉलेजात संस्कृत घेतलेली, आणि काकांसमोर गोलंदाज म्हणून उभी. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण गंमत वाटून सोडून दिलं. तू बारावीला प्रॅक्टिकल बुडवून नाटकाला गेलास, तेव्हा बाबांना मी सांगितलं की मीच याला डॉक्टरकडे नेलं होतं. तुझ्या लक्षात आलं का, मी काय होते ते? तुझी एअरबॅग. तू आदळायचास, मी फुगायचे, तू ओरखडा न येता खाली उतरून चालायला लागायचास. पण तुम्हीच सांगता ना, एअरबॅग एकदाच फुगते. ती पुन्हा घडी घालून आत कोंबता येत नाही.

तेव्हा नीट वाच. सोबत एक पाकीट आहे. ईप्सिताच्या नावाचं, तिकीट लावलेलं, तोंड उघडं. आत मी तिला लिहिलेलं पत्र आहे. तू वाच, चुकीचं असेल ते दाखव. लाल दिवा आहे, खटका आहे, तुझं वाक्य आहे, आणि मी पोलिसांशी आणि तिच्याशी खोटं बोलले तेही आहे. दुसरी प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे.

भाऊबीज तेवीस तारखेला. अजून अकरा दिवस. तोवर तू तिला समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने सांग. एकदम जमत नसेल तर रोज थोडं सांग. नाहीच सांगितलंस, तर चोवीस तारखेला सकाळी दुसरी प्रत टपालात जाईल आणि जे काही व्हायचं ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शात होईल. थांबणं तुला चुकत नाही, कुमार. भिंतीवर थांबायचं की वाळूत, एवढंच तुझ्या हातात आहे. हे मी तुझ्याच नववीत शिकले.

पूर्वी दर भाऊबीजेला तू विचारायचास ना, ताई तुला ओवाळणी काय हवी. या वर्षी हे हवं.

विभावरी


इंगोलश्टाट, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. कुमार,

आशीर्वाद. ईप्सिता म्हणाली म्हणून लिहिलं.

तर तू ना भिंत निवडलीस ना वाळू. भाऊबीजेच्या सकाळी ते पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या भांड्याखाली ठेवलंस आणि ऑफिसला निघून गेलास. मिठाच्या भांड्याखाली, म्हणजे वाऱ्याने उडू नये म्हणून. एवढी सुरक्षितता पाळलीस. मी ते ऐकून फोनवर इतकी हसले की ईप्सिताला वाटलं, मी रडते आहे. नंतर रडलेही, पण तो वेगळा प्रकार.

काल शनिवारी ती आली. दोनशे किलोमीटर एकटीने गाडी चालवत, मागे कुहू. तुला तिने काय सांगितलं आणि काय नाही, मला माहीत नाही, म्हणून मला जे सांगितलं ते लिहिते. तुला ते माझ्याकडून कळावं असं तीच म्हणाली. पाकिटाच्या बदल्यात पत्र, असे तिचे शब्द.

मी चहा टाकला. तिने कपाटातून लोणच्याची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, उघडा. मी म्हटलं, डीटर उघडेल. ती म्हणाली, तेच.

मला काही कळेना. मग ती बोलली आणि मी तसंच्या तसं लिहिते: "ताई, कुहूच्या सीटचा तो खटका मला दोन्ही अंगठ्यांनी दाबावा लागायचा. तुम्हाला बरणी उघडत नाही. तुम्ही तो कसा सोडलात, हे मी पहिल्याच दिवशी हॉस्पिटलात मोजलं होतं. मला माहीत होतं कोणी सोडला ते."

मी विचारलं, मग तीन वर्षं मला मुलगी का दाखवली नाहीस.

"तुम्ही तिला मांडीवर घेतलंत त्याचा राग नव्हता. माझी आईही घेते. तुम्ही दोघांनी माझ्या डोळ्यांत बघून खोटं सांगितलंत त्याचा होता. माझी मुलगी आत ऑपरेशनच्या टेबलावर, आणि तुम्ही बहीणभाऊ एकमेकांना सांभाळत होतात. मी वाट बघत होते, दोघांपैकी एक जण तरी येऊन खरं सांगेल. कोणीच आलं नाही. मग भाषण आलं."

कुमार, तीन वर्षं मी तुझ्यावर संतापले. तुझ्या नावाने पत्रं लिहिली, पुस्तकं वाचली, तांदूळ उधळला. आणि त्या सगळ्या रागात मी स्वतः किती ताठ उभी होते. मला वाटायचं, मी सोसते आहे. धाकट्या भावाचा मार आपल्या अंगावर घेतला म्हणून मनातल्या मनात आरतीसुद्धा करून घेत होते. त्या पॅसेजमध्ये मार खाणारी तिसरीच होती, आणि तिला झेलायला कोणी नव्हतं. तो धक्का तिच्यापर्यंत पोचवला मीच.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, बघू. मला ते आवडलं. लगेच दिली असती तर खोटी वाटली असती.

तुझ्यासाठी तिचे दोन निरोप आहेत. पहिला, मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तू पुन्हा उभा राहशील आणि पाचव्या स्लाइडवर 'एक आत्या'च्या जागी 'मी' लिहिशील. दुसरा, पोलिसांकडे काय दुरुस्त करायचं ते वकिलाला विचारायचं आहे, आणि त्या वेळी मी सोबत येणार आहे, कारण खोटं मी सांगितलं होतं. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. तुझ्या जागी मी उभी राहणार नाही. शेजारी राहीन. त्यातला फरक मला या वयात शिकावा लागतो आहे.

आता कुहू. ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलते, मी मराठीत, आणि दोघींचं नीट चालतं. वेचलेला तो तांदूळ निवडून, धुऊन त्याची खिचडी केली होती. तिने दोनदा घेतली. मग सगळ्या मिळून नदीकाठी जायचं ठरलं, ईप्सिताच्या गाडीने. मी मागे, कुहूच्या शेजारी. ती आपल्या सीटमध्ये चढली, हात पट्ट्यांतून घातले, आईने खटका लावला. मी ईप्सिताशी बोलत होते. गाडी सुरू झाली तशी कुहू ओरडली, "हाल्ट! आत्या निश्ट आंगेश्नाल्ट!" माझा पट्टा लागलेला नव्हता. अंगठ्याने मला ती कडी खाचेत बसवता येईना. तिने आपल्या जागेवरून वाकून माझा हात बाजूला केला, कडी दोन्ही हातांनी खाली रेटली, टक् आवाज आला तेव्हा मान हलवली आणि आईला म्हणाली, आता चल.

मला त्या पोरीने बांधलं, कुमार. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तू लगेच इकडे येऊ नकोस. ईप्सिताने विचारलं होतं, कुमारला आणू का पुढच्या वेळी. मी नको म्हटलं. राग आहे अजून, आणि भरपूर आहे. एकाएकी शून्यावर आणला तर आपल्या दोघांपैकी कोणीतरी मोडेल. डीटर म्हणतो तसं मालगाडीला किलोमीटर लागतो. मी ब्रेक दाबला आहे, एवढं तुला कळवते. कुठे थांबेन ते मलाही ठाऊक नाही. तोवर रुळांवर उभा राहू नकोस. फलाटावर थांब.

ताई